फोन बदलला, बड्स तेच : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी माझा फोन हातातून पडला आणि त्याची स्क्रीन तडकली. नवा घ्यायचाच आहे तर या वेळी दुसऱ्या कंपनीचा घेऊन बघू, असं ठरवलं आणि घेतलाही. बड्स, म्हणजे कानात घालायचे बिनतारी इअरफोन, मात्र जुन्या कंपनीचेच राहिले. जेमतेम वर्षभर वापरलेले, ठणठणीत, कानात नीट बसणारे. ते बाजूला ठेवायचं काही कारणच नव्हतं. शेवटी ब्लूटूथ म्हणजे ब्लूटूथ, ते सगळीकडे सारखंच चालणार, असं मी धरून चालले होते. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दामच लिहीत नाही. बड्स एका घरचे आणि फोन दुसऱ्या घरचा, अशी कुठलीही जोडी घेतलीत तरी थोड्याफार फरकाने हेच वाट्याला येतं.

पहिल्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. जुन्या फोनजवळ बड्सची चार्जिंगची केस उघडली की स्क्रीनवर बड्सचं चित्र झळकायचं. नव्या फोनला त्याचा पत्ताच नव्हता. केसवरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं, सेटिंगमध्ये जाऊन यादीतून नाव निवडलं, झालं. एकदाच करायचं काम, दोन मिनिटांचं. जवळ आणताच जोडणी होण्याची सोय ब्लूटूथच्या मूळ नियमांत नाही, ती प्रत्येक कंपनी वरून चढवते. गूगलचं फास्ट पेअर २०१७ मध्ये आलं, तेही याच जातीचं.

खरा फरक पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कळत गेला. काही गोष्टी पूर्वीसारख्याच चालत होत्या, काही गप्प झाल्या होत्या, आणि यात काही सूत्र आहे का ते मला समजत नव्हतं. नॉइज कॅन्सलेशन जसंच्या तसं. बडची दांडी दाबून ट्रान्सपरन्सी मोडवर, म्हणजे बाहेरचे आवाज ऐकू येऊ देण्यावर, जाणंही जसंच्या तसं. पण बड कानातून काढला की गाणं थांबायचं, ते बंद. मान वळवली तरी आवाज समोरूनच येतोय असं वाटायचं, तेही बंद. थोडं वाचल्यावर उलगडा झाला. नॉइज कॅन्सलेशनमध्ये बडचे माइक बाहेरचा गोंगाट टिपतात, बडमधली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. यात फोन कुठेच नाही. तुम्ही कुठल्याही फोनला जोडा, फरक पडायचं कारण नाही. मान वळवल्याचा हिशेब मात्र फोन आणि बड्स मिळून करायचे. त्यातला एक भिडू बदलला की खेळ संपला.

कानातून काढल्यावर थांबण्याचा प्रकार सगळ्यांत चमत्कारिक. सेन्सर बडमध्येच आहे आणि तो आजही काम करतो. पण ‘मला कानातून काढलंय’ हा निरोप तो फोनला कंपनीच्या खासगी भाषेत पाठवतो आणि नव्या फोनला ती भाषा येत नाही. मी दिवसभर पॉडकास्ट ऐकते, त्यामुळे याचा मला फार त्रास झाला. कुणी काही विचारलं की बड काढायचा, बोलायचं, परत घालायचा, तोवर पॉडकास्ट दोन मिनिटं पुढे गेलेला. आता आधी दांडी दाबायची आणि मग बड काढायचा, ही सवय बोटांना लागली आहे. सवय लागायला महिना गेला.

आता आवाजाबद्दल, कारण सगळे आधी तेच विचारतात. ब्लूटूथवरून गाणं पाठवताना ते दाबून लहान करावं लागतं. सीडीवरचं गाणं सेकंदाला १,४११ किलोबिट घेतं, तेवढी जागा या वाटेवर नसते. दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात आणि तो फोन आणि बड्स दोघांनाही यावा लागतो. एसबीसी हा कोडेक ब्लूटूथच्या नियमांतच सक्तीचा, म्हणून सगळ्यांना येतो. त्याचा नेहमीचा वरचा वेग ३२८ किलोबिटच्या आसपास. त्यापलीकडे ज्याचं त्याचं वेगळं. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडमध्येच आहे. चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा ॲप्टएक्स आहे. सॅमसंगने स्वतःच्या फोन-बड्ससाठी आपला वेगळा ठेवला आहे. ॲपलच्या फोनवर ब्लूटूथने गाणी ऐकताना एसबीसी आणि एएसी एवढेच चालतात.

माझ्या नव्या फोनला एलडॅक येतो, बड्सना येत नाही. बड्सना एसबीसी आणि एएसी येतात, म्हणून जोडी एएसीवर जमते. फोन घेताना एलडॅकचं नाव वाचून मला फार आनंद झाला होता. या बड्ससोबत त्याचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय एएसीत एक खोच आहे. गाणं दाबण्याचं काम फोन करतो आणि प्रत्येक फोन ते सारख्याच कसोशीने करत नाही. त्यामुळे दोन फोनवर ‘एएसी’ असंच लिहिलेलं दिसलं तरी कानाला येणारा आवाज वेगळा असू शकतो.

मी बसून तुलना केली. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे कोडेक बदलता येतो. तीच तीन गाणी, शांत खोली, रात्रीची वेळ, तडकलेला जुना फोन एका हातात आणि नवा दुसऱ्यात. झांजेची किणकिण विरत जाते तिथे जुन्या फोनवर थोडी जास्त सफाई वाटली. खर्जात काहीच फरक नाही. चालताना, प्रवासात, भांडी घासताना तर कुठलं काय ते मला एकदाही ओळखता आलं नाही. उलट कानात बसणारी रबरी टोपणं मधल्या मापाऐवजी लहान मापाची लावली तेव्हा आवाज खरोखर बदलला, खर्ज भरला आणि बाहेरचा गोंगाटही कमी झाला. कोडेकच्या काळजीत घालवलेल्या संध्याकाळी मी आधी टोपणांवर घालवायला हव्या होत्या.

व्हॉल्यूमची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही आणि तिनेच मला पहिल्या महिन्यात छळलं. रात्री अगदी हळू आवाजात ऐकायची माझी सवय. नव्या फोनवर व्हॉल्यूमची पहिली पायरीच एवढी मोठी की झोप उडावी, आणि त्याच्या खाली थेट शून्य. फोन आणि बड्स यांचा व्हॉल्यूम एकच धरला जातो, त्याला ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम म्हणतात. दोघांच्या पायऱ्या जुळत नसतील तर असं होतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्येच हे बंद करायची कळ आहे. ती दाबली, बड्स तोडून पुन्हा जोडले आणि पायऱ्या एकदम बारीक झाल्या. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

व्हॉल्यूमवरूनच आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. जुना फोन मला आठवड्याचा हिशेब दाखवायचा, किती तास आणि किती डेसिबल. त्याला आपल्या घरच्या बड्सचा आवाज नेमका किती हे माहीत होतं. नव्या फोनला परक्या बडमधून कानात किती आवाज पडतो हे कळायला मार्ग नाही. सहा-सात तास कानात बड्स असणाऱ्या बाईला हा आकडा हवा. गेलेल्या सोयींमध्ये मला खरी हळहळ याचीच वाटते. आता आवाज निम्म्याच्या वर न्यायचाच नाही असा नियम केला आहे आणि गोंगाटात व्हॉल्यूम वाढवण्याऐवजी नॉइज कॅन्सलेशन लावते.

कॉलवर समोरच्याला माझा आवाज स्वच्छ जातो, कारण वारा आणि गोंगाट गाळायचं काम बड स्वतःच करतो. लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये मात्र इतरांचे आवाज एकदम टेलिफोनवरचे वाटू लागले. त्याचं कारण जुनंच आहे. ब्लूटूथवर गाणी ऐकण्याची वाट एकतर्फी असते. माइक सुरू झाला की जोडणी कॉलच्या वाटेवर उतरते आणि तिथे आवाजाचे सेकंदाला १६ हजार, कधी ८ हजारच नमुने घेतले जातात. उपाय सोपा निघाला. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडायचा आणि ऐकायला बड्स ठेवायचे. माणसांचे आवाज लगेच भरदार झाले. हे मला आधी माहीत असतं तर जुन्या फोनच्या काळातही मी असंच केलं असतं.

फोनवरून टॅबवर आपोआप उडी मारणं गेलं. तो सगळा कारभार एकाच कंपनीच्या खात्यावर चालायचा. माझ्या बड्समध्ये एकाच वेळी दोन उपकरणांना धरून ठेवणारं मल्टिपॉइंटही नाही, त्यामुळे दर वेळी हाताने जोडावं लागतं. ब्लूटूथवरून आवाज थोडा उशिरा पोचतो. व्हिडिओत ओठ आणि आवाज तरीही जुळतात, कारण प्लेअर चित्र तेवढं थांबवून धरतो. पण मी फोनवरच्या एका ॲपवर कीबोर्ड शिकते, तिथे पट्टी दाबली की सूर मागाहून येतो आणि ताल धरताच येत नाही. त्यासाठी तारेचे इअरफोन वेगळे ठेवले आहेत.

बॅटरी किती उरली हे फोन दाखवतो, पण एकच ढोबळ आकडा. डावा, उजवा आणि केस वेगवेगळे पाहायचे तर तिसऱ्याच कुणाचं ॲप टाकावं लागतं. केस उघडल्यावर बड्स आजूबाजूला जी हाक देतात ती हे ॲप ऐकतं आणि दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांनी आकडे दाखवतं. टाकण्याआधी ते काय काय परवानग्या मागतं हे मी नीट पाहिलं. जवळची उपकरणं शोधायची आणि मागे चालू राहायची, एवढ्याच होत्या. संपर्क किंवा फाइली मागणारं असं ॲप मी टाकलं नसतं.

पाचव्या महिन्यात एक प्रसंग घडला. चालताना डाव्या बडमध्ये चरचर येऊ लागली, तीही फक्त नॉइज कॅन्सलेशन चालू असताना. बड बिघडला असंच वाटलं. मग आठवलं की फोन बदलल्यापासून बड्सचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर, एकदाही अपडेट झालेलं नाही. नव्या फोनसाठी कंपनीचं ॲपच नाही, मग होणार कुठून? ड्रॉवरमधून तडकलेला फोन काढला, चार्ज केला, बड्स त्याला जोडले आणि केस रात्रभर चार्जिंगला लावून दोन्ही शेजारी ठेवून दिले. सकाळी आवृत्ती बदललेली होती आणि चरचर गेली होती. त्याच संध्याकाळी मी बडची जाळी कोरड्या ब्रशने साफही केली होती, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं ते सांगू शकत नाही. पण तेव्हापासून महिन्यातून एक रात्र तो जुना फोन बाहेर निघतो. तुमच्याकडे जुना फोन नसेल तर घरातल्या कुणाचा किंवा मैत्रिणीचा एका रात्रीपुरता मागून घ्या.

हरवलेला बड शोधायलाही तोच फोन लागला. सोफ्याच्या फटीत गेलेल्या उजव्या बडला त्यानेच शीळ वाजवायला लावली.

हे सगळं बदलेल का? थोडं बदलतं आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ॲपलला बजावलं की जवळ आणताच होणारी जोडणी आणि आपोआप उडी मारणं या सोयी इतर कंपन्यांच्या उपकरणांनाही खुल्या करायच्या. एलई ऑडिओ हे ब्लूटूथचं नवं रूप २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्यात एलसी३ हा कोडेक सगळ्यांसाठी सारखा आहे, कॉलचा आवाज सुधारण्याची आणि उशीर कमी करण्याची सोय आहे. पण त्यासाठी फोन आणि बड्स दोन्ही नवे हवेत. आणि बड कानात आहे की नाही, डेसिबल किती, फर्मवेअर कुणी टाकायचं, हे निरोप कंपन्या जोवर खासगी भाषेतच देतात तोवर नव्या ब्लूटूथनेही माझं हे दुखणं जाणार नाही. मला याचा मनापासून राग येतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला सेन्सर चालू आहे, तो बोलतोही आहे, आणि त्याचं ऐकायचं कुणी हे मी ठरवू शकत नाही.

तरीही बड्स विकावेत असं या आठ महिन्यांत वाटलं नाही. त्यांचा आवाज, कानातली बैठक आणि शांतता मला आवडते, आणि ते सगळं बडच्या आतच आहे. एका चार्जवर सुरुवातीला पाच तास चालायचे, आता चारच्या आत येतात, म्हणजे वर्ष-दीड वर्षात नवे घ्यावे लागतील. तेव्हा मी दुकानदाराला कोडेक शेवटी विचारीन. आधी विचारीन की कंपनीचं ॲप दोन्ही प्रकारच्या फोनवर आहे का, त्यातून फर्मवेअर अपडेट होतं का, आणि दोन उपकरणं एका वेळी धरतात का. आणि माझ्याच फोनला जोडून, बड कानातून काढून बघीन, गाणं थांबतं का ते.