वनस्पती ओळखणारे अ‍ॅप आणि बेसा रस्त्यावरचा पिवळा धोत्रा

फोटोवरून वनस्पतीचे नाव सांगणारे एक सशुल्क अ‍ॅप मी गेल्या हिवाळ्यात तीन महिने वापरले. बागेतला जास्वंद ओळखायला अ‍ॅप कशाला हवे? नागपुरातल्या बेसा रस्त्यालगतच्या लेआउटमध्ये रिकाम्या प्लॉटांवर उगवणारी, परदेशातून येऊन इथलीच होऊन गेलेली तणे त्याला कितपत ओळखता येतात, एवढेच मला पाहायचे होते.

फुलावर आलेली एकदांडी, म्हणजेच कंबरमोडी, त्याने क्षणात ओळखली. लांब दांड्याच्या टोकाला एकच फूल आणि कडेच्या फिकट पाकळ्यांना तीन दाते असल्यावर चुकायला वावही नसतो. गाजर गवतही बरोबर आले.

पिवळ्या धोत्र्यापाशी मात्र ते अडले. डिसेंबरात रोपाला फूल नव्हते आणि तिन्ही फोटोंना अ‍ॅपने ‘उटकटारी’ असेच ठाम उत्तर दिले. दोन्हींची पाने कातरलेली व काटेरी असल्याने ही चूक समजण्यासारखी आहे. परंतु उटकटारीचे पान खालून पांढरट, लवदार असते, तर या निळसर हिरव्या पानावर शिरांच्या कडेने पांढरे पट्टे स्पष्ट दिसत होते. रुमालात धरून पान मोडले, तेव्हा हळद कालवल्यासारखा पिवळा चीक बोटावर उतरला आणि शंका उरली नाही. चीक कॅमेऱ्याला दिसत नाही हे मान्य, पण ‘पान मोडून पाहा’ एवढी सूचना देता आली असती. फेब्रुवारीत त्याच रोपाला फुले आल्यावर नाव बरोबर निघाले, तेही मराठीच्या रकान्यात हिंदीतले ‘सत्यानाशी’ म्हणून.

माझी खरी तक्रार माहितीच्या पानाविषयी आहे. ही वनस्पती मूळची मेक्सिकोकडची असून नावात धोत्रा असला तरी ती अफूच्या कुळातली आहे, याचा तिथे उल्लेखच नाही. तिचे बी मोहरीसारखे दिसते आणि मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोफाची, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या रोगाची, साथ येऊन माणसे दगावली होती; अशा वनस्पतीपुढे अ‍ॅप केवळ ‘औषधी’ असे लिहून मोकळे होते.

वर्गणी संपल्यावर मी ती पुन्हा भरलेली नाही. फुलावर आलेल्या तणांसाठी रोज मोफत मिळणारे मोजके फोटो मला पुरतात.