"काही होत नाही" म्हणणारं घर आणि एक्स्पोजर थेरपी: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओसीडी म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यांची भीती मिटवायला तेच-तेच विधी करत राहणं, हे हा रिव्ह्यू उघडणाऱ्यांना ठाऊक असेल. एक्स्पोजर म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ठरवून जायचं आणि नंतरचं धुणं, तपासणं, मोजणं, मनातला जप करायचा नाही. 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये दोन रुग्णांवरचा अनुभव मांडला, तेव्हापासून गाभा तोच आहे. पद्धत चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. चीड येते ती घरी ती कशी वाया जाते याची. रुग्णासोबत आलेल्या माणसाला ओपीडीत कोणी दोन वाक्यंही सांगत नाही, गोळ्या लिहून "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवतात.

सगळं बिघडतं ते या प्रश्नांपाशी: "मोटर बंद केली ना म्या?" "कडी लागली ना वं माय?" "हाताले फवारणीचं औषध त नाई लागलं?" आणि घरचं मायेचं उत्तर: "नाई रे बाप्पा, काही होत नाही." हे उत्तरही विधीच आहे. हात धुतल्यावर मिळतो तोच सुटकारा यातून मिळतो, पाच-दहा मिनिटं टिकतो, मग प्रश्न परत येतो. मेंदू एवढंच शिकतो की उत्तर मिळालं म्हणून वाचलो. आठवड्यात एक तासाचं सेशन आणि घरी दिवसभर उत्तरं, म्हणजे ठिबकची नळी फाटलेली ठेवून पंप जोरात चालवणं.

उत्तराची रूपंही अनेक. स्टार्टर पाहायला पोराला शेतात पाठवणं, आशाताईला तोच प्रश्न परत विचारणं, मोबाइलवर शोधणं, नुसतं घरच्याचा चेहरा निरखून पाहणं. दारातच कपडे बदलणारं अख्खं कुटुंब, वेगळी ठेवलेली ताट-वाटी, सासूने तापवून दिलेला जास्तीचा बंब, हे सगळं त्याच हिशेबात धरा.

पण एका दिवसात सगळं तोडू नका. तसं केलं की भांडण होतं आणि रुग्ण उपचारच सोडतो. पहिला आठवडा फक्त मोजा: प्रत्येक प्रश्नाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक काडी. मग रुग्णाच्या संमतीने एक प्रश्न आणि एक माणूस ठरवा. वाक्यही आधीच ठरवा: "हा सवाल ओसीडीचा हाये. उत्तर देत नाई, पण तुयापाशी बसतो." आवाज चढवायचा नाही, समजावायचं नाही, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. सुरुवातीला काड्या वाढतात. तिथंच बहुतेक घरं हार मानतात, आणि तिथंच टिकून राहायचं असतं.

आता पायऱ्या. भीतीला 0 ते 100 गुण द्यायचे आणि दहा-बारा प्रसंग चढत्या क्रमाने लिहायचे. कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाची भीती फार दिसते, म्हणून तेच उदाहरण घेतो. कृषी केंद्राच्या पाटीचा फोटो पाहणं 20. दुकानासमोरून चालत जाणं 35. बाहेरच्या बाकावर बसणं 50. त्याच चपला घालून ओसरीवर येणं 65. बाकावरून घरी येऊन साबणाने एकदाच, वीस सेकंद हात धुऊन भाकर खाणं 80. सुरुवात 30-40 च्या आसपास करा आणि रोज करा.

इथं एक गोष्ट नीट सांगितलीच पाहिजे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी मेले, त्यामुळे ही भीती पोकळ नाही. एक्स्पोजरमध्ये औषधाच्या डब्याला किंवा भरलेल्या पंपाला हात लावायचा नाही. फवारणीच्या दिवशी हातमोजे, मास्क, नंतर आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं, हे सगळ्यांनीच करायचं. ओसीडी सुरू होते त्याच्या पुढे, जेव्हा फवारणी होऊन महिना झाला तरी दाराची कडी धुतली जाते.

हात धुतलाच गेला तर? दिवस वाया गेला असं समजू नका. लगेच परत त्याच चपलेला, त्याच कडीला हात लावा, म्हणजे धुण्याचा फायदा रद्द होतो. एकदम थांबणं जमत नसेल तर विधी आधी पाच मिनिटं पुढे ढकला, मग पंधरा, मग अर्धा तास. मनातला जप सर्वांत जास्त निसटतो. बाहेरून माणूस शांत दिसतो आणि आत नामस्मरणाने भीती मिटवत असतो. देवाबद्दल नको ते विचार किंवा बाळाला इजा करण्याची भीती असेल, तर ती भीती स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज अर्धा तास ऐकायची. असे विचार येणं म्हणजे ते करायची इच्छा असणं नव्हे, हे आधी घरच्यांना कळलं पाहिजे.

एका मुद्द्यावर माझं मत वापरताना बदललं. जुना नियम असा की भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. तो मला पक्का वाटायचा. पण नुसतं घड्याळाकडे आणि आकड्याकडे बघणं हाच नवा विधी होतो. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेली रीत जास्त कामाची वाटते: आधी भाकीत लिहा ("नाही धुतलं तर रात्री ओकारी होईल, 90 टक्के"), सकाळी काय झालं ते शेजारी लिहा. भीती उतरली नाही तरी शिकणं झालेलं असतं. जागाही बदला: घर, शेत, एसटी, बाजार. एकाच ओसरीवर शिकलेलं तिथंच राहतं.

औषधांबद्दल थोडक्यात. फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन ओसीडीत डिप्रेशनपेक्षा बहुधा जास्त मात्रेत लागतं आणि खरा परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून मनाने बंद करणं हा पैशाचा नास आहे. जन औषधी केंद्रात ही जेनेरिक औषधं स्वस्त पडतात. अल्प्राझोलामसारखी लगेच शांत करणारी गोळी घेऊन एक्स्पोजर केलं तर श्रेय गोळीला जातं. मात्र ती रोज घेत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

खर्चात गोळीपेक्षा बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं जड जातं. म्हणून प्रत्येक सेशनला जिल्ह्याला जाण्याचा आग्रह मला पटत नाही. यादी समोरासमोर बनवावी, मधला आढावा फोनवर घ्यावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. जवळ कुठं जायचं ते तिथं विचारा. ओसीडी किती तीव्र आहे ते सांगणारी वाय-बॉक्स ही 40 गुणांची मोजणी महिन्यातून एकदा पुरे. 35 टक्क्यांची घट म्हणजे उपचार लागू पडतो आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा: पायऱ्यांची यादी करून देता का, आणि घरच्या माणसाला आत बोलावता का? दुसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं, तर दुसरीकडे विचारा.