‘न वापरलेली सरप्लस मॅगझिनं’: 298 डॉलर 50 सेंटचं रंगवलेलं भंगार

टेक्सासमधल्या एआर-15 रायफल वापरणाऱ्या मंडळींसाठी. सैन्याची 30 काडतुसांची ॲल्युमिनियम मॅगझिनं (रायफलला खालून लावायच्या काडतुसांच्या पेट्या), ‘सरप्लस’ म्हणजे सैन्याकडे जास्तीची उरलेली, ‘न वापरलेली’, 20 नग. प्रत्येकी 14 डॉलर, पोस्टेज 18.50, एकूण 298 डॉलर 50 सेंट. हातात आली ती वापरून फाकलेली, वरून करडा रंग मारलेली. आत मात्र कोरे करकरीत टॅन (फिकट तपकिरी) फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून वर ढकलणारे तुकडे, आणि नव्या स्प्रिंगा! मेख इथेच आहे. फोटोत तोंडातून फॉलोअरच दिसतो, आणि टॅन म्हणजे 2009 च्या सुमाराचा किंवा नंतरचा माल, असं कोणीही धरतो.

एका फोटोत डाव्या बाजूची, मॅगझिन धरून ठेवणारा रायफलचा कॅच अडकतो ती खाच दिसत होती. कारखान्यातलं फिनिश पातळ असतं, खाचेची कड स्पष्ट दिसते. इथे कड गोल झालेली आणि वर रंगाचा जाड थर. त्याच क्षणी व्यवहार मोडायला हवा होता. पण भाव नव्या मालाच्या आसपास होता. फुकटात देतो म्हणाला असता तर संशय आलाच असता ना!

खाच झिजली की मॅगझिन जरा खाली बसतं आणि बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा भाग, काडतुसावरून निसटतो. काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा फाकल्या की दोन काडतुसं एकदम वर येतात. नव्या स्प्रिंगेने यातलं काहीही सुधारत नाही.

पैसे पाठवायच्या ॲपने हात झटकले: ‘मित्र-कुटुंब’ पर्यायाने पाठवलेत, संरक्षण नाही. तो पर्याय विक्रेत्यानेच मागितला होता, पण ऐकतो कोण? विक्रीच्या साइटचं साचेबंद उत्तर. पोलिसांनी ‘हा दिवाणी मामला’ म्हणत एक क्रमांक हातात टेकवला. वर विचारतात, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? जुन्यावर रंग मारून नवं म्हणून विकणं ही काय हौस आहे? ऑनलाइन तक्रारीला पोच आली, पुढे शुकशुकाट.

फ्लोअर प्लेट (मॅगझिनचं तळाचं झाकण) उघडी असलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. आत ओरखडे म्हणजे वापरलेला माल. कडा जिथून वळतात त्या मागच्या कोपऱ्यांत भिंगाने तडे शोधा. तपासणी डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनीच, खरी खोलीबाहेर. रिकामं मॅगझिन लावून बोल्ट मागे ओढला की तो मागेच अडकायला हवा. मॅगझिन सोडायचं बटण दाबल्यावर ते आपोआप सुटत नसेल तर बॉडी फुगलेली किंवा चेपलेली असू शकते.

फाकलेल्या कडा पक्कडीने आत वाकवू नका, ॲल्युमिनियम तडकतं. आत तेल नको, काजळी धरते. कोरडा ब्रश पुरे. प्रत्येकावर रंगाने क्रमांक टाका, नाहीतर दोष बंदुकीचा की मॅगझिनचा हे कधीच कळत नाही.

20 पैकी 13 बाद. त्यांचे फॉलोअर आणि स्प्रिंगा सुट्या भागांत ठेवल्यात. बॉड्या व्हाइसमध्ये चिरडून मगच भंगारात टाकल्या, नाहीतर त्याच पुन्हा रंगवून कोणाच्या तरी गळ्यात मारतील.