संगीत नाटक ठेवायचंय, पण कुठलं? विंगेतून दिलेला निकाल

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांचा हा प्रश्न ठरलेला. खुर्चीतून बघणाऱ्याला सगळीच नाटकं गोड लागतात. पडदे ओढणाऱ्याचा आणि माईक लावणाऱ्याचा क्रम जरा वेगळा असतो.

आमच्याकडून पैकीच्या पैकी गुण 'सौभद्र'ला. नाटक १८८२ चं. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या काही चालींचं मूळ कानडी पदांत आहे. मराठी अर्धवट कळणारा शेजारीही पदाला मान डोलावतो, ते उगाच नाही. राजवाडा, रस्ता आणि अरण्य असे तीन रंगवलेले पडदे मिळाले की नेपथ्याचं भागतं. सामान थोडं, पण त्यातलं एक विसरून चालत नाही: शेला. 'अरसिक किती हा शेला' सुरू झालं आणि अर्जुनाच्या हातात शेलाच नसला तर पद तिथंच बसतं. तो कपडेपटात न ठेवता प्रवेशाआधी विंगेतल्या टेबलावर आणून ठेवावा.

दुसरी गफलत 'प्रिये पहा'ला होते. देसकार रागातलं पद, रात्र सरून उजाडतंय असं कृष्ण रुक्मिणीला सांगतोय, आणि प्रकाशवाला मुखड्यालाच, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीलाच, सगळे दिवे चढवून मोकळा! मुखड्याला निळा प्रकाश तसाच ठेवावा, अंतऱ्यापासून (पुढच्या कडव्यापासून) डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारं बटण, हळूहळू वर घ्यावा आणि पूर्ण उजेड शेवटच्या आवर्तनात द्यावा. वन्स मोअर आला तर दिवे पुन्हा खाली आणायचे नाहीत. उजाडलं ते उजाडलं.

'शारदा' (१८९९) खर्चाला सगळ्यात हलकं. घरगुती लुगडी, धोतरं, पगड्या यांत काम होतं, मुकुट-दागिन्यांचं भाडं वाचतं. अडतं ते कोवळ्या वयाच्या, खरोखर गाणाऱ्या मुलींपाशी. त्या नसल्या तर हे नाटक घेऊच नये.

'मानापमान' आणि 'स्वयंवर' गाणाऱ्यांची नाटकं. 'चंद्रिका ही जणू' आरभीत, म्हणजे कर्नाटकी रागात. आपल्याकडे त्याला टाळी हमखास. पण या दोन्हींत पदांची रास आहे. कुठली गाळायची ते तालमीत ठरवून ऑर्गनवाल्याला लिहून द्यावं, नाहीतर नट संवादावर जातो आणि ऑर्गन पुढच्या पदाचा सूर धरून बसतो.

ऑर्गनचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या पावसात तोच दगा देतो. दमटपणानं पट्ट्या फुगतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. रीडवर धूळ बसली की तो सूर मुका होतो. म्हणून ऑर्गन आदल्या रात्रीच सभागृहात आणून ठेवावा, उचलायला चार माणसं घ्यावीत आणि दुपारी सगळे सूर एकेक करून वाजवून बघावेत. तबलाही दमट हवेत उतरतो आणि दिव्यांच्या उष्णतेनं चढतो. पुरुषाची गायची पट्टी (मूळ सूर) काळी एक आणि बाईची काळी चार असली तर एका तबल्यावर भागत नाही. दोन पट्ट्यांचे दोन आणि वर एक जादा ठेवावा. साथ विंगेत बसवणार असाल तर गायकाला समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, हात दिसेल अशीच बसवा.

कॉलर माईक पौराणिक नाटकात कंठ्यावर खरखरतो. तो टोपाच्या कडेला, कपाळाशी लावावा. फूटमाईक (मंचाच्या कडेला जमिनीवर ठेवायचे माईक) तीन पुरेत, खाली फोमचा तुकडा ठेवून. नाहीतर पदांऐवजी पावलंच ऐकू येतात.

'कट्यार काळजात घुसली' (१९६७) लोकांचं सगळ्यात लाडकं आणि उभं करायला सगळ्यात अवघड. 'घेई छंद मकरंद' एकदा सालगवराळी रागात, एकदा धानीत. तो फरक ऐकवायला दोन तयारीचे गवई लागतात. एकच तयारीचा असला की नाटकातला दोन गायकी घराण्यांचा झगडा एकतर्फी होतो. तंबोरे पडदा उघडण्याआधी मंचावरच, दिवे लावून जुळवावेत, कारण ग्रीनरूममध्ये लावलेली तार उजेडात येताच सरकते. कट्यार खरी असली तरी धार बोथट करून घ्यावी. सभागृह रात्रीच्या शेवटच्या पाळीचं घ्यावं आणि वेळ वाढली तर भाडं किती, हे बुकिंगलाच विचारून ठेवावं.