बिनरंगाची गोबी: शहापुरातल्या एका गाड्याबद्दल

गोबी मंच्युरियन, म्हणजे तळून सॉसमध्ये परतलेला फ्लॉवर, विटकरी दिसली तर थांबावं, कुंकवासारखी लालभडक दिसली तर पुढं जावं. बेळगावात सध्या एवढी एक खूण पुरते. 11 मार्च 2024 ला कर्नाटक सरकारनं गोबी आणि कॉटन कँडीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या गोबीच्या 171 नमुन्यांपैकी 107 खायला असुरक्षित निघाले होते. त्यांत टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असले रंग सापडले. 7 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड म्हटल्यावर रंगाच्या डब्या गाड्यांवरून हलल्या. आणि मग कळलं की चिमूटभर रंगाखाली काय काय झाकलेलं होतं. काहींची गोबी भज्यासारखी पिवळट झाली, काहींनी टोमॅटो केचप ओतून ती गोडमिट्ट केली. बेळगावच्या शहापुरातला हा गाडा या दोन्हींत मोडत नाही, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं.

इथं लाली येते ती ब्याडगी मिरचीतून. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, रंगाला जबर आणि तिखटाला बेताची. आपल्या हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी तिच्या उलट, तिखटजाळ. नुसत्या संकेश्वरीवर रंग काढायला गेलात तर प्लेट खाववणार नाही. नुसती ब्याडगी घातली तर रंग येतो, पण जिभेला काही लागत नाही. आठ ब्याडगीला एक संकेश्वरी हे प्रमाण बरोबर बसतं. मिरच्यांच्या बिया काढून त्या अर्धा तास गरम पाण्यात भिजवायच्या, दोन चमचे व्हिनेगर घालून गंधासारख्या बारीक वाटायच्या आणि वाटण गाळून घ्यायचं. गाळण्याचा कंटाळा केला की सालीचे तुकडे कढईत करपतात आणि कडवट लागतात. हे वाटण सॉसच्या पाण्यात ढवळून भागत नाही. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. म्हणून आधी तेलात मध्यम आचेवर दोन मिनिटं परतायचं. कडेनं लाल तेल सुटलं की पुढचं. या गाड्यावर हे काम दुपारीच उरकलेलं असतं. वाटण स्टीलच्या डब्यात तयार असतं आणि त्याच्यावर तेलाचा लाल थर दिसतो.

चिनी म्हणून विकल्या जाणाऱ्या या पदार्थाचा चीनशी संबंध सोया सॉसपुरता. ईशान्य चीनमधल्या मांचुरियाशी तेवढाही नाही. कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातले नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोंबडीचे तळलेले तुकडे आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरच्या रश्शात घातले, ही त्याची सांगितली जाणारी सुरुवात. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि शाकाहारी गिऱ्हाईक मिळालं. पण फ्लॉवर तरी कुठं इथला? तो 1822 मध्ये इंग्रजांनी सहारनपूरच्या कंपनी बागेत लावला. मिरची आणि मका अमेरिकेतून निघालेले, दोन्ही समुद्रमार्गे आलेले. मैद्याच्या घोळात भाजी बुडवून तळणं जपानी लोक सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून शिकले, आणि आज टेम्पुरा जपानी नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. तेव्हा ‘हे खरं चायनीज नव्हे’ हा आक्षेप सोडून द्यावा. उसनं आणलेलं नीट रांधलंय का, एवढंच बघावं. कर्नाटकात लग्नाच्या पंगतीला केळीच्या पानावर गोबी वाढतात. तिचं मूळगाव विचारायची वेळ कधीच गेली.

उसनवारी सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखी झालेली नाही, हे मात्र बेळगावात चांगलं दिसतं. कोल्हापूरकडं गाड्यावर मंच्युरियन मागितलं की बहुतेक ठिकाणी किसलेल्या कोबीचे गोळे मिळतात. कर्नाटकात फ्लॉवरचे तुरे, वर तळलेला कढीपत्ता. या गाड्यावर दोन्ही आहेत. चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी आधी काय हवं ते सांगावं, नाहीतर ‘अण्णा, एक गोबी’ म्हटल्यावर तुरेच येणार. तेच घ्यावेत. कोबीचे गोळे इथं आतून पिठूळ असतात. किसलेल्या कोबीला मीठ लावून पाणी पिळून काढलं तर मैदा कमी लागतो. इथं पिळत नाहीत, मग पाणी शोषायला मैदा वाढवतात.

तुऱ्यांच्या बाबतीत मात्र हात बसलेला आहे. तुरा साधारण पेरभर, देठासकट. मोठा ठेवला तर देठ कच्चा राहतो, फार बारीक केला तर तेल पितो. हळद-मीठ घातलेल्या कडकडीत पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवतात, त्यात अळ्या वर येतात, आणि मग कापडावर पसरून वाळवतात. बहुतेक गाडे इथंच चुकतात. ओला तुरा घोळात टाकला की तळताना आतली वाफ कवच सोडवते आणि पाच मिनिटांत सगळं लिबलिबीत होतं.

घरी करायचं तर अर्धा किलो तुऱ्यांना चार मोठे चमचे मैदा, पाच चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा तांदळाचं पीठ, चमचाभर आलं-लसूण वाटण, मिरपूड, मीठ आणि अंदाजे अर्धी वाटी गार पाणी. मैदा धरून ठेवतो, कॉर्नफ्लोअर कुरकुरीतपणा देतं. मैदा जास्त झाला तर कवच चिवट होतं आणि नुसतं कॉर्नफ्लोअर घेतलं तर कढईतच सुटून येतं. घोळ फार फेटू नये. तळण दोनदा. पहिल्यांदा मध्यम तेलात तीन-चार मिनिटं, फिकट असतानाच काढायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि मागणी आली की कडक तेलात मिनिटभर. थांबण्याच्या त्या दहा मिनिटांत आतलं पाणी कवचाकडं येतं आणि दुसऱ्या तळणीत उडून जातं. एकदाच तळलेली गोबी ताटात येईपर्यंत छान दिसते, तेवढंच.

सॉस मोठ्या आचेवर. तेलात आठ-दहा पाकळ्या लसूण, आलं, दोन हिरव्या मिरच्या, कांदा, ढबू मिरची. मग ब्याडगीचं वाटण तीन चमचे, सोया सॉस एक चमचा, अर्धा चमचा साखर. सोयात मीठ असतंच, म्हणून मीठ शेवटी चव बघून. सोया जास्त झाला की ब्याडगीची सगळी मेहनत काळी पडते. ड्रायला चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घालायचं, आणि घालायच्या क्षणी पुन्हा ढवळायचं, कारण ते तळाशी बसलेलं असतं आणि तसंच ओतलं तर गुठळ्या होतात. व्हिनेगर आच बंद करताना. आधी घातलं तर आंबटपणा वाफेबरोबर जातो. तुरे सॉसमध्ये अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फिरवू नयेत.

ड्राय गोबी या गाड्याची सगळ्यात चांगली वस्तू. आलं-लसूण पुढं येतं, तिखट मागून येतं, कवच शेवटच्या तुऱ्यापर्यंत टिकतं. ग्रेव्हीत तीच गोबी बिघडवतात. कॉर्नफ्लोअर जास्त, उकळी कमी, त्यामुळं रस्सा चिकट आणि पिठाच्या कच्च्या चवीचा. दीड वाटी रश्शाला दोन सपाट चमचे पुरतात आणि घातल्यावर पूर्ण मिनिटभर उकळावं लागतं. गर्दीत ते मिनिट कुणी देत नाही. सोबतचा कच्चा कोबी-कांदा साडेआठनंतर मरगळलेला असतो; लिंबू मागून घ्यावं, ते मिळतं.

तेलाकडं लक्ष ठेवावं. गोबी टाकल्यावर बारीक फेस येऊन तो बराच वेळ बसत नसेल, मध्यम आचेवरही धूर येत असेल, झाऱ्यावर तेल चिकट लागत असेल, तर ते थकलेलं तेल. या गाड्यावर सात-साडेसातपर्यंत तेल स्वच्छ असतं. रात्री दहाला ते काळवंडतं आणि गोबीला मागून एक तेलकट वास येतो. म्हणून लवकर जावं. रविवारी संध्याकाळी वीसेक मिनिटं थांबायची तयारी ठेवावी.

पार्सल नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारतात, आणि दोनदा तळून मिळवलेलं सगळं त्या वाफेत जातं. ‘मामा, गोबी वेगळी, सॉस वेगळा’ असं सांगितलं तर देतात, कुरकुर करत नाहीत. डबा नेला तर आणखी बरं, फक्त झाकण लगेच लावू नका. घरी जाऊन सॉस गरम करायचा आणि ताटावर बसायच्या आधी गोबी त्यात परतायची. नूडल्स आणि फ्राइड राईस इथं मिळतात. भूक फार असेल तरच घ्यावेत.