32 बिटचा मेल सर्व्हर की 64 बिटचा, रॅम खरी किती वापरते?

आमच्या दारव्ह्याकडच्या जिनिंगच्या ऑफिसात एक्सचेंज 2003 (मायक्रोसॉफ्टचा 32 बिटचा मेल सर्व्हर) होता, मेल उघडाले लई वेळ लागे म्हणून 8 जीबी रॅम टाकली, फरक काहीच नाई पडला भाऊ. 32 बिटमंदी एका प्रोसेसले, म्हणजे चालू प्रोग्रामले, 2 जीबीच भेटते, बूट फाइलमंदी 3 जीबीचा स्विच, म्हणजे सेटिंग, टाकला तं 3, पण मंग विंडोजच्या कर्नलले (मुख्य गाभ्याले) 1 जीबीच उरते. 4 जीबीच्या वरची रॅम म्हणजे कोठीत कुलूप लावून ठेवलेली ज्वारी.

एक्सचेंजचं 2007चं व्हर्जन 64 बिटचं आलं, तिथं ही अडचण नाई, रॅम वाढवली की डेटाबेसचा कॅशे (लागणारा डेटा रॅममंदीच ठेवाची जागा) वाढते अन् घडीघडी डिस्कवर जा लागत नाई, खरा फायदा हाच हाय. टास्क मॅनेजरमंदी रॅम भरलेली दिसली तं घाबरू नका, दुसऱ्या प्रोग्रामले लागली की मेल सर्व्हर ती सोडते.

माह्या मतानं तवा 64 बिटच घेणं बरं होतं, फक्त जुन्यावरच अपग्रेड होत नव्हतं, नवीन मशीन लावून मेलबॉक्स हलवा लागे.