स्मार्टपिल जातीची कॅप्सूल: घड्याळ पक्कं, नकाशा कच्चा

अन्न जठरातून आणि आतड्यांतून सरकायला किती वेळ लागतो ते मोजणारी ही कॅप्सूल. साधारण 26 मिमी लांब, 13 मिमी जाड. आत पीएच (आम्लता सांगणारा अंक, आम्ल जास्त तर अंक कमी), दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर. गिळायची आणि रिसीव्हर अंगावर बाळगायचा. नळी नाही, किरणोत्सर्ग नाही. स्मार्टपिलला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मान्यता 2006 साली मिळाली; आता तिचं उत्पादन बंद आहे. जठर, लहान आतडं आणि मोठं आतडं यांचा वेगवेगळा वेळ एकाच चाचणीत मिळतो, ही हिची खरी कमाई.

पण कॅप्सूल कुठे आहे ते ही थेट सांगत नाही, ते आलेखावरून ओळखावं लागतं. जठरातून बाहेर पडताच पीएच एकदम दोन-तीन अंकांनी उडी मारतो. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जिवाणू अन्नातले तंतू आंबवतात, म्हणून तो पुन्हा एखाद्या अंकाने उतरतो. ही दुसरी खूण भलतीच पुसट. कधी सापडतच नाही. मग लहान-मोठ्या आतड्याचा वेळ एकत्रच धरावा लागतो.

बहुतेक घोळ तयारीत होतात. पीपीआय (आम्ल कमी करणारी गोळी) चालू असेल तर जठरातलं आम्लच कमी, मग उडी दिसणार कशी? डॉक्टरांना विचारून ते 7 दिवस आधी थांबवतात. कॅप्सूल ठरलेल्या खाण्यानंतर गिळायची आणि पुढचे 6 तास काही खायचं नाही. एवढी मोठी न पचणारी वस्तू जठर रिकामं झाल्यावरच्या जोरदार लाटेबरोबर बाहेर पडते. मध्येच दोन बिस्किटं खाल्ली की ती लाट लांबते आणि धडधाकट जठर ‘मंद’ ठरतं. जठरात 5 तासांच्या वर म्हणजे उशीर, हा हिचा निकष. पीएच संदिग्ध असेल तर तापमानाची रेघ बघा: गार पाण्याच्या घोटाला ती खाली येत असेल तर कॅप्सूल अजून जठरातच आहे.

नेमकी जागा हवी असेल तर चुंबकीय कॅप्सूल (आत चुंबक, त्याचा माग बाहेरून घेतात) सरस. जठराच्या आकुंचनांची लय मिनिटाला 3, लहान आतड्याच्या सुरुवातीला 12च्या आसपास. त्यावरूनही भाग कळतो. मात्र श्वासाची हालचाल नोंदीतून गाळावी लागते आणि पीएच मिळत नाही.

आतडं अरुंद झालं असेल किंवा गिळायला त्रास असेल, तर यातली कुठलीच नको. कॅप्सूल बाहेर पडताना तापमान झपकन उतरतं. बॅटरी साधारण 5 दिवस चालते, तोवर ही खूण दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढा. तो स्वच्छ येईपर्यंत एमआरआय बंद.